आईचे पित्त

आमच्या घरात हृदय हा अवयव फक्त बाबांना होता. निदान आम्हां सर्वांची समजूत तशी होती. बाबा दिवसाला एक बंडल विडी ओढायचे. आजोबा पन्नाशीच्या आतच छातीत कळ येऊन गेलेले. त्यामुळे बाबांच्या ताटातले तूप, त्यांचा रक्तदाब, जिना चढताना लागणारी धाप, सगळ्यांवर घरात पहारा असे. पहारेकरी अर्थातच आई. आईला स्वतःला व्हायचे ते फक्त पित्त.

गेल्या श्रावणात तिला असेच 'पित्त' झाले. मळमळ, दरदरून घाम, जबडा आणि पाठ दुखतेय म्हणाली. छातीत म्हणाल तर नुसते जड वाटत होते. मी लिंबू-सोडा दिला आणि अभ्यासाला बसलो. तिने त्याही अवस्थेत दुपारची भांडी घासली. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी तिचा चेहरा पाहिला आणि मला अक्षरशः ओरडून रिक्षा आणायला पिटाळले. ईसीजी निघाल्यावर पित्ताचे नाव कोणी काढले नाही. दुसऱ्या दिवशी रक्तवाहिनीत जाळी बसवली.

डॉक्टर मला प्रश्न विचारीत होते. तंबाखू? छे, असे मी ठासून सांगितले, आणि लगेच मशेरीची डबी डोळ्यांपुढे आली. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. पण बायकांचे ते व्यसन आम्ही कधी व्यसनात धरलेच नव्हते. मधुमेह? कधी तपासला नव्हता. (निघाला.) पाळी कधी बंद झाली? बाळंतपणात रक्तदाब वाढला होता का? मी खाली मान घातली. बाबांना सारे आकडे पाठ होते, पण ते त्यांचे स्वतःचे.

नंतर मी ग्रंथालयात बसून वाचू लागलो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ साली ५,२०९ माणसांवर सुरू झालेल्या पाहणीत पहिल्या दिवसापासून स्त्रियाही होत्या, याचे मला नवल वाटले. पुढे २००४ साली ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने दाखवले की तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण अशा नऊ गोष्टींतच पहिल्या झटक्याचे बहुतेक सारे कारण सापडते: पुरुषांत ९० टक्के, स्त्रियांत ९४. स्त्रियांना झटका सरासरीने काही वर्षे उशिरा येतो खरा. पण मधुमेह आणि रक्तदाब त्यांना पुरुषांपेक्षा अधिक महागात पडतात. आपल्याकडच्या लोकांना तो इतरांहून लवकर गाठतो, हेही तिथेच वाचले.

परवा आई मेथी निवडत बसली होती. मी भीतभीतच विचारले, "आई, माझ्या वेळी तुला काही त्रास झाला होता का गं?"

"झाला की. पाय हे एवढे सुजले होते. डोके ठणकायचे. दवाखान्यात ब्लडप्रेशर म्हणाले, मीठ तोडले महिनाभर."

"कधी बोलली नाहीस ते?"

"तुम्ही कधी विचारलेत?" ती म्हणाली, आणि मेथीच्या काड्या माझ्या पुढ्यात सरकवल्या.