हंसपदी

झाशीतील एका जुन्या मराठी घराच्या पडवीत कुंडीतला एक नेचा आहे. काळेभोर, केसासारखे बारीक देठ आणि त्यांवर पंख्याच्या आकाराची कोवळी पाने. पाणी शिंपडले तर थेंब घरंगळून जातात, पान कोरडेच राहते. घरातील सून त्याला ‘मेडनहेअर’ म्हणते, कारण रोपवाटिकेतून ते त्या नावाने आले. नात नुसते ‘फर्न’ म्हणते. सासरे मात्र ‘हंसराज’ या नावावर अडून बसले आहेत. त्यांचे आयुष्य शाळेत संस्कृत शिकविण्यात गेले. परसातल्या विहिरीत, दगडांच्या सांधींतून लोंबणाऱ्या झुबक्यांना त्यांची आई हंसराज म्हणत असे, आणि घसा बसला की त्याचाच काढा घरात होई. ती विहीर पुढे बुजविण्यात आली. नाव उरले, ते ठेवायला जागा उरली नव्हती, ती या कुंडीने दिली.

काटेकोरपणे पाहता सासऱ्यांची चूक आहे. रोपवाटिकांत मिळणारा नेचा बहुधा मूळचा दक्षिण अमेरिकेतला असतो. विहिरीतला त्याचा चुलतभाऊ. पण लोकांनी दिलेली नावे कुळ पाहतात, जातीचे बारकावे पाहत नाहीत, आणि तेवढ्यापुरती त्यांची बाजू लंगडी नाही.

या कुळाला ज्याने त्याने आपापल्या डोळ्यांनी पाहिले. ग्रीकांनी त्याला ‘न भिजणारे’ म्हटले; आजचे ‘अ‍ॅडिअँटम’ हे शास्त्रीय कुलनाम त्यातूनच आले. लिनेअसने 1753 साली विहिरीतल्या जातीची नोंद केली, तेव्हा त्याला देठांत व्हीनस देवतेचे केस दिसले. अरबांनी त्याला ‘विहिरीची कोथिंबीर’ ठरविले, आणि ज्याने विहिरीत वाकून पाहिले आहे त्याला हे नाव सर्वांत प्रामाणिक वाटेल. उत्तरेकडच्या अत्ताराच्या दुकानात वाळलेल्या जुड्या ‘परसियावशान’ म्हणून मिळतात. शाहनाम्यातील निरपराध मारल्या गेलेल्या सियावुश राजपुत्राचे नाव खोकल्याच्या पुडीत असे बांधून मिळते. मराठीतच ‘घोडखुरी’ हे आणखी एक नाव आहे. एकाच पानात एकाला हंसाचे पाऊल दिसले, दुसऱ्याला घोड्याचा खूर.

संस्कृतात मूळ नाव हंसपदी किंवा हंसपादी. चरकसंहितेत कंठाला हितकर अशा दहा द्रव्यांचा गण आहे. त्यात सारिवा, ज्येष्ठमध, पिंपळी, द्राक्ष यांच्या पंक्तीला हंसपादी बसते. आजचे वैद्य ती याच कुळातली मानतात. लोकभाषेत येताना पाऊल गळून पडले आणि हंसाला राज्य मिळाले. पदावरून राजपदावर गेलेल्या या शब्दाचे औषध मात्र बदलले नाही.

शाकुंतलाच्या पाचव्या अंकाच्या आरंभी पडद्याआडून गाणारी, राजाने एकदा प्रेम करून विसरलेली स्त्री हंसपदिका आहे. तिच्या गाण्याने दुष्यंत अस्वस्थ होतो. का, ते त्याला कळत नाही, आणि थोड्याच वेळात दुसरी विस्मृत स्त्री त्याच्या दारात उभी राहते. या गाणारीला कालिदासाने कंठाच्या वनस्पतीचे नाव जाणूनबुजून दिले, असे म्हणणे धाडसाचे होईल. हंसासारखी पावले टाकणारी हा सरळ अर्थ पुरेसा आहे. तरी निवृत्त शिक्षकाला हा योगायोग सोडवत नाही. सुनेला त्यांनी तो दोनदा सांगितला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, “बाबा, त्या बिचारीला नंतर कुणी विचारलं का?” नाटकात तिचा आवाज पुन्हा येत नाही, हे त्यांना कबूल करावे लागले.

झाशीत मराठी बोलणारे आले ते अठराव्या शतकात; 1742 नंतर नारोशंकराने किल्ला वाढविला, खाली शहर वसविले. एप्रिल 1858 मध्ये शहर पडले तेव्हा राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये ती हळहळ आहे. पोथ्या गेल्या, तरी त्यांतली काही नावे अत्ताराच्या डब्यांवर आणि काढ्याच्या भांड्याभोवती टिकून राहिली. रानात पावसाळ्यात उगवणाऱ्या हंसराजाच्या एका जातीत पानाचा दांडा लांबत जातो, वाकतो, टोक जमिनीला टेकले की तेथे मुळे फुटतात आणि नवे रोप उभे राहते. घरात मराठी आणि दारात बुंदेली बोलणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काही वेगळे केले नाही. आता घरातली मराठीही स्वयंपाकघरापुरती आक्रसली आहे.

परवा नातीला शाळेसाठी वहीत पाने चिकटवून खाली नावे लिहायची होती. “दादाजी, इसका हिंदी नाम क्या है?” तिने विचारले. हिंदीतही हंसराजच, हे सांगताना त्यांच्या आवाजात विजय होता. तिने लिहून दाखविले: ‘हँसराज’. हसणारा राजा! त्यांनी चष्मा पुसला, खोडरबर मागितले, आणि चंद्रबिंदूतला चंद्र पुसून बिंदू तेवढा ठेवला. नात म्हणाली, पहलेवाला अच्छा था.