दोन बोटांचें रान

प्रवासांतील खरीं भांडणें नकाशावरच होतात, आणि तीं तेथेंच होऊन जावींत असें आमचें मत आहे. एकदां रस्त्यास लागल्यावर वाद घालण्याइतकें त्राण कोणास उरतें? येत्या जुलैंत कॅनडा देश मोटारीनें या टोंकापासून त्या टोंकापर्यंत पाहावा असें आमच्या घरांत ठरलें, आणि भांडणास तोंड लागलें.

न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्सपासून पॅसिफिककांठच्या व्हिक्टोरियापर्यंत जाणारा ट्रान्स-कॅनडा महामार्ग सुमारें ७,८०० किलोमीटरांचा आहे; म्हणजे आपल्या श्रीनगर-कन्याकुमारी रस्त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यांतही दोनदां मोटार बोटींत घालावी लागते. रोज ५०० किलोमीटर कापले तरी सोळा दिवस निव्वळ चाकें फिरविण्यांत जाणार, आणि सुटी तीनच आठवड्यांची! वाटेंत घड्याळाचे कांटे टप्प्याटप्प्यानें साडेचार तास मागें सारावयाचे. न्यूफाउंडलंडचें घड्याळही आपल्याप्रमाणेंच अर्ध्या तासाचें शेपूट बाळगून आहे, याचें आमच्या चिरंजीवांस फार कौतुक वाटलें.

टोरोंटोस स्थायिक झालेल्या आमच्या मेहुण्यांनीं उपाय सुचविला. "सुपीरियर सरोवराच्या उत्तरेस झाडें आणि खडक यांवांचून आहे काय? नकाशावर तें दोन बोटांचें रान. येथून विमानानें विनिपेगला जा, तेथें दुसरी मोटार भाड्यानें घ्या. चार दिवस वांचतील."

हिशेब बिनतोड होता. पण आमचें मन त्या दोन बोटांतच अडकलें. तेथें निपिगॉन नदीवरील एकाच पुलानें पूर्व आणि पश्चिम कॅनडा जोडलेले आहेत. २०१६ च्या जानेवारींत, वाहतुकीस खुला होऊन थोडेच आठवडे झालेल्या नव्या पुलाची एक बाजू वर उचलली गेली, आणि कांहीं तास रस्त्यापुरते देशाचे दोन तुकडे झाले. पलीकडे जाण्यास अमेरिकेंतून वळसा घेण्यावांचून गत्यंतर नव्हतें. एवढा मोठा देश, आणि एका पुलाच्या आधारावर!

याच रानांतून १९८० सालीं टेरी फॉक्स धांवत गेला. कर्करोगानें उजवा पाय गमावलेला हा तरुण कर्करोगाच्या संशोधनासाठीं द्रव्य जमवीत सेंट जॉन्सहून निघाला. कृत्रिम पायानें १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर आला, आणि १ सप्टेंबर रोजीं थंडर बेजवळ थांबला. रोग फुप्फुसांत पसरला होता. पुढील जूनमध्यें तो वारला.

आमच्या सौभाग्यवतींनीं फोनवर एवढेंच म्हटलें, "दादा, तो जेथें थांबला तेथें मला जावयाचें आहे." आमच्या सासूबाई याच रोगानें गेल्या, तेव्हां मेहुण्यांस विमान वेळेवर मिळालें नव्हतें. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "थंडर बेपर्यंत मीही येतों."

चार दिवस कोठून तरी काढावयाचे होते, ते रॉकी पर्वतांतून काढले. बांफला आतां एकच रात्र. चिरंजीव रुसले आहेत. रानांत मूस हरणें रात्रीं रस्त्यावर येतात, म्हणून सूर्यास्तानंतर मोटार हांकावयाची नाहीं, ही अट मात्र मेहुण्यांची.