दशैंच्या आधीचे पंधरा दिवस

सनौलीची कमान ओलांडून आम्ही नेपाळच्या हद्दीत शिरलो, तेव्हा प्रथम मनगटावरची घड्याळे पंधरा मिनिटे पुढे केली. शंभर रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये हाती आले. पारपत्राची गरज नव्हती. दुकानांवरच्या पाट्या आपल्याच बाळबोध लिपीत होत्या, त्यामुळे परदेशी आल्याचा जो थोडाबहुत दबदबा मनात होता, तोही पहिल्या अर्ध्या तासात ओसरला. ही २०२२ सालच्या सप्टेंबरातील गोष्ट. पाऊस अजून पुरता गेला नव्हता आणि दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, पंधरा दिवसांवर आला होता.

बडोद्याच्या आमच्या लहानशा मराठी मंडळीतील आम्ही अकरा जण होतो. पाळकसाहेब, दोन शिक्षिका, एक सेवानिवृत्त परिचारिका, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, महाविद्यालयात शिकणारी पाच मुले आणि बहात्तर वर्षांच्या एक मावशी. नेपाळातील शाळा व अनाथाश्रम यांच्या सेवेसाठी जायचे, असा संकल्प वर्षभरापूर्वी झाला होता. वर्गणी जमली, बायकांनी लोकरीच्या टोप्या विणल्या, वह्या-पेन्सिलींची खोकी बांधली गेली. धर्मपुस्तिका मात्र आम्ही घरीच ठेवल्या. तेथे दुसऱ्याचे धर्मांतर करविणे हा २०१८ सालापासून अमलात असलेल्या दंडसंहितेनुसार गुन्हा आहे, आणि पाहुण्याने यजमानाच्या घरचा नियम पाळावा हे सांगायला कोणी पाळक लागत नाही.

आता ‘अनाथाश्रम’ या शब्दाविषयी थोडे. मराठी ख्रिस्ती घरांतून हा शब्द दयेचा नाही, कुळाचा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावी आणल्या, आणि १९०० साली गुजरातेत छप्पनिया दुष्काळ पडला तेव्हा तिकडूनही आणल्या. आमच्या मावशींची आजी त्या गुजरातेतल्या मुलींपैकी एक. आईबाप दोघेही भुकेने गेलेले, वय असेल पाच-सहा वर्षांचे. केडगावी ती मराठी शिकली, मराठी घरात पडली, आणि नशिबाचा फेरा असा की तिची मुले नोकरीनिमित्त पुन्हा गुजरातेतच आली. मावशी म्हणत, “आश्रम नसता तर मी नसते.” वर्गणीत सर्वांत मोठी रक्कम त्यांचीच होती.

सिद्धार्थ राजमार्गाने बुटवल सोडले की रस्ता एकदम डोंगराला भिडतो. दरड कोसळल्याने आम्हांला दोन ठिकाणी मिळून चार तास थांबावे लागले. तानसेनला पोहोचलो तेव्हा काळोख पडला होता. सकाळी खिडकी उघडली तर खालचे सारे खोरे धुक्याने भरलेले, आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी वसलेले विटांचे गाव.

तानसेनच्या मिशन रुग्णालयाची हकीगत आमच्या मंडळींना ठाऊक नव्हती, ती तेथे ऐकली. १९५१ पर्यंत, राणांच्या अमलात, नेपाळ बाहेरच्यांस जवळजवळ बंदच होता. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतील रॉबर्ट फ्लेमिंग हे अमेरिकन शिक्षक १९४९ साली पक्ष्यांचा अभ्यास करण्यासाठी परवानगी काढून आत आले. या पक्षीयात्रांत डॉक्टर मित्र बरोबर असत. तानसेनला पक्ष्यांपेक्षा रुग्णच अधिक जमले. गावकऱ्यांना रुग्णालय हवे होते, सरकारने १९५३ साली अनुमती दिली, आणि १९५४ साली निरनिराळ्या पंथांच्या मिशनांनी मिळून ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ ही संस्था उभी केली. तिच्या शाळाही निघाल्या. काठमांडूची महेंद्र भवन ही मुलींची शाळा १९५७ ची, पोखऱ्याची गंडकी शाळा १९६६ ची. पुढे त्या नेपाळी लोकांच्याच हाती गेल्या. हे सगळे ऐकताना एक गोष्ट आमच्या परिचारिका बाईंनी हळूच बोलून दाखविली: “त्यांना कोणी बोलावले होते. आणि ते राहिले. आपण पंधरा दिवसांसाठी आलो आहोत.” तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेले.

पाल्पा जिल्ह्यातीलच एका डोंगरी शाळेत आमचे पहिले काम होते, चार वर्गांच्या भिंती रंगविण्याचे. वह्या वाटल्या, मुलांनी टाळ्या वाजविल्या, मग आम्ही बाह्या सरसावल्या. रंगकामाचा अनुभव अकरांपैकी एकालाही नव्हता. महाविद्यालयीन मुलांनी भिंतीपेक्षा एकमेकांना अधिक रंगविले, आणि रेल्वेवाल्या गृहस्थांनी खिडकीच्या चौकटीला जो हिरवा रंग लावला तो काचांवरही पसरला. तीन दिवस गावातील एक मनुष्य अंगणातील दगडावर बसून आमची करामत पाहत होता. तो या भागातला रंगारी असल्याचे शेवटच्या दिवशी समजले. आम्ही आलो नसतो तर हे काम त्याला मिळायचे होते, आणि दशैंला घरी बकरा, मुलांना कपडे हे सर्व त्यावर ठरलेले. पाळकसाहेबांनी तत्काळ त्याच्याशी बोलणे केले. उरलेला एक वर्ग त्याने दीड दिवसात रंगविला, आणि मग, न सांगता, आमच्या तीन वर्गांवरही एक हात फिरविला. मजुरी त्याने चारही वर्गांची घेतली. योग्यच केले.

पोखऱ्याला शनिवारी उपासनेस गेलो. नेपाळात साप्ताहिक सुट्टी पूर्वापार शनिवारची, म्हणून मंडळ्या शनिवारी जमतात. चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायचे, एका बाजूस पुरुष, दुसरीकडे बायका. मंडळीला त्यांच्याकडेही ‘मण्डली’च म्हणतात. आपल्या ‘सलाम’च्या जागी ‘जय मसीह’ एवढाच फरक. मादळ वाजू लागला आणि मावशींनी ताल धरला. भाषेचे हे जवळपण निव्वळ योगायोगाचे नाही. विल्यम केरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ साली निघाला आणि नेपाळी नवा करार १८२१ साली. एकाच छापखान्याची ही दोन भावंडे.

आम्ही बडोद्याचे लोक तर नेपाळी वाचताना अधिकच फावलो. लिपी मराठीची आणि क्रियापद गुजरातीच्या वळणाचे. गुजराती ‘छे’ म्हणतो, नेपाळी ‘छ’ म्हणतो. आपल्याला हे येते याचा आम्हांला मोठा आनंद झाला होता. पुढे त्याच ‘छ’ने आम्हांला अडविले.

काठमांडू खोऱ्यातील ज्या बालगृहात आम्ही चार दिवस जाणार होतो, त्याचे नाव येथे देत नाही. तिमजली घर, अंगणात तुळईला बांधलेला झोका, चोवीस मुले. सर्वांनी रांगेत उभे राहून स्वागताचे गाणे म्हटले. ते त्यांना फारच चांगले पाठ होते. गाणे संपताच लहान मुले धावत येऊन आमच्या कमरेला बिलगली. आमच्यातील तरुणांचे डोळे भरून आले. परिचारिका बाई मात्र गप्प होत्या. त्यांनी मागाहून सांगितले की, दहा मिनिटांपूर्वी पाहिलेल्या माणसाला मूल असे बिलगते ते प्रेमाने नव्हे, सवयीने. माणसे येतात, लाड करतात, जातात. मग दुसरी येतात.

तिसऱ्या दिवशी आमच्या शिक्षिका मुलांच्या वह्या पाहत होत्या. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने ‘मेरो घर’ या विषयावर शाळेचा निबंध लिहिला होता. बाईंनी पहिली दोन वाक्ये सहज मोठ्याने वाचली: “मेरो घर जुम्लामा छ। घरमा आमा र भाइ छन्।” आणि त्या थांबल्या. ‘होते’ नव्हते, ‘छ’ होते. आहे. घर आहे, घरात आई आणि भाऊ आहेत. मुलीला विचारले तर ती सरळ म्हणाली, हो, आहेत, आई शेतात काम करते, आमच्याकडे लाल तांदूळ होतो. मग शेजारचा मुलगाही उत्साहाने सांगू लागला. त्याचे वडील काठमांडूतच वीटभट्टीवर होते.

संचालक मनुष्य वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा हकिगतींत एक दुष्ट माणूस असला की वाचकाला सोपे जाते. तो म्हणाला, जुमल्यात गावापासून शाळा लांब, थंडी कडाक्याची, बापाचा पत्ता नाही. आईने गावच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मुलीला शिकायला म्हणून पाठविले. येथे दोन वेळचे जेवण आहे, इंग्रजी शाळा आहे. “पण पाटीवर अनाथ लिहिले आहे,” पाळकसाहेब म्हणाले. त्यावर तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “गरीब आईची मुलगी पाहायला बडोद्याहून कोण येईल?” कोरोनाच्या काळात पाहुणे बंद झाले, पैसे बंद झाले, तेव्हा नऊ मुलांना त्याने घरी पाठवून दिले होते. म्हणजे नऊ जणांना घरे होती. पाहुणे पुन्हा येऊ लागल्यावर त्यांतली सात परत आणली.

त्या रात्री अतिथिगृहात जेवणे तशीच राहिली. आमच्यातील एका मुलाने शोधून वाचून दाखविले. नेपाळच्या बालगृहांतील किमान ८५ टक्के मुलांचा आई किंवा बाप हयात असल्याचे युनिसेफने २०१५ च्या भूकंपाच्या सुमारासच सांगितले होते. १९९६ ते २००६ च्या माओवादी युद्धात कर्णालीसारख्या दुर्गम भागांतून दलालांनी शिक्षणाचे आमिष दाखवून मुले राजधानीत आणली, आणि बालगृहे मुख्यतः तेथेच निघाली जेथे पर्यटक येतात. गरिबी सर्वांत अधिक जेथे आहे तेथे नव्हे. नेपाळच्या २०१८ च्या बालकायद्यातही मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय मानला आहे. हे सर्व आम्हांला बडोद्यात बसून वाचता आले असते. आम्ही टोप्या विणत होतो.

आता प्रश्न वर्गणीचा. मोठी रक्कम या बालगृहासाठी राखून ठेवलेली होती आणि ती द्यायची दुसऱ्या दिवशी. शिक्षिका म्हणाल्या, एक पैसाही देऊ नये. दिला तर रिकाम्या खाटांवर आणखी मुले आणली जातील. मावशी प्रथमच संतापल्या. “माझ्या आजीला कोणी असे तपासत बसले असते तर? उद्या ती मुले काय खातील?” कोणी तरी म्हणाले, मावशी, तुमच्या आजीला कोणी उरले नव्हते. या मुलीला आई आहे. मावशी उठून गेल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “आजीलासुद्धा एक भाऊ होता म्हणे. कुठे गेला ते तिला कधी कळले नाही. मरेपर्यंत ती त्याचे नाव घ्यायची.” त्यानंतर त्या रात्री कोणी वाद घातला नाही.

शेवटी आम्ही अर्धवट केले, हे मान्य करतो. दोन महिन्यांचा किराणा दुकानदाराकडे परस्पर भरला. उरलेली रक्कम ललितपूरच्या एका मंडळीत काम करणाऱ्या समाजसेविकेच्या स्वाधीन केली. मुलांची घरे शोधून त्यांना परत जोडून देणे हेच तिचे काम होते. संचालकाला ते आवडले नाही, पण त्याने तिला दार बंद केले नाही. निघताना मुलांनी निरोपाचे गाणे म्हटले. तेही पाठ होते. आमच्यापैकी कोणी छायाचित्रे काढली नाहीत.

काठमांडूत तोवर दशैंची लगबग सुरू झाली होती. बसस्थानकावर पिशव्या, कोंबड्या, नवे कपडे घेतलेली माणसे. घटस्थापनेला तेथेही धान्य रुजत घालतात आणि विजयादशमीला ते कोवळे अंकुर वडीलधारी माणसे मुलांच्या डोक्यावर ठेवतात. आपल्याकडे नवरात्रात शेजारी पाहिलेले तेच. सारा देश घरी निघाला होता, आणि त्या तिमजली घरात चोवीस मुले होती.

२०२३ साली आम्ही नेपाळला गेलो नाही. अकरा जणांच्या प्रवासखर्चाएवढी वर्गणी मात्र जमविली. मंडळीत काहींना हे रुचले नाही. सेवा म्हणजे स्वतः जाणे, पैसे तर कोणीही पाठवील, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच खोटे आहे असे आम्हांलाही वाटत नाही. त्या पैशांतून दशैंसाठी सहा मुलांची बसची तिकिटे निघाली. जुमल्याची ती मुलगी सुर्खेतमार्गे, समाजसेविकेबरोबर, घरी गेली. सुट्टी संपल्यावर परत आली. दोन महिने रडत होती म्हणे. वैशाखात शाळांचे नवे वर्ष सुरू झाले तेव्हा तिच्या आईने तिला जुमल्याच्या सदरमुकामी मामाकडे ठेवून तेथल्या शाळेत घातले. इंग्रजी शाळा सुटली. बालगृहात अजून पंधरा मुले आहेत, आणि त्यांतल्या चौघांची घरे सापडलेली नाहीत. त्यांच्यासाठी किराणा आजही जातो. मावशींनी तो बंद होऊ दिला नाही.

मुलीचे पत्र समाजसेविकेमार्फत आले. एकच पान, पेन्सिलीने लिहिलेले. शाळा चांगली आहे, भाऊ उंच झाला, बाख्रीला दोन पाठी झाल्या. मावशींनी ते दोनदा वाचून घेतले आणि विचारले, “पाठी म्हणजे आपल्याच ना, बकरीच्या?” आम्ही म्हटले, हो, आपल्याच.