मुनिरकाचा पाऊस आणि दादाची गाडी

दिल्लीत राहायला निघालेल्या मुलीला सगळे दोनच गोष्टी बजावतात, उन्हाळा सांभाळ आणि थंडी सांभाळ. पावसाचं कुणी नाव काढत नाही. मीही सांगलीहून निघताना दोन जाड स्वेटर घेतले आणि रेनकोट घरीच ठेवला. कृष्णाकाठच्या मुलीला दिल्लीचा पाऊस काय दाखवणार, असा माझा तोरा होता. तो 28 जून 2024 च्या पहाटे उतरला.

गाव, पण शहरातलं

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतलं जुनं गाव. एका बाजूला जेएनयू, दुसऱ्या बाजूला वसंत विहारचे बंगले, समोर आर. के. पुरम आणि मधून धावणारा आउटर रिंग रोड. हे टोकस गोत्राच्या जाटांचं गाव. त्यांची शेतं सरकारनं घेतली, त्यावर कॉलन्या उभ्या राहिल्या आणि गाव मात्र जागच्या जागी राहिलं. मग घरमालकांनी एकावर एक मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या.

आज इथल्या गल्लीत चालताना दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या जवळजवळ एकमेकींना टेकतात. वर विजेच्या तारांचं जाळं, खाली मोमोजची गाडी. एका दुकानात केरळचे केळ्याचे वेफर्स, पलीकडे मणिपूर-नागालँडचा सुका मासा, त्याच्या शेजारी लिट्टी-चोखा. भाडं परवडतं म्हणून विद्यार्थी, नर्स, कॉल सेंटरमधली मुलं आणि माझ्यासारखे लिहिण्यावर पोट भरणारे सगळे इथेच येतात. पायी जाता येईल अशा अंतरावर बेर सराय आहे. तिथल्या पुस्तकांच्या आणि झेरॉक्सच्या दुकानांत स्पर्धा परीक्षेची मराठी मुलं हमखास भेटतात.

माझा दादा त्यांतलाच एक. चार वर्षं त्याने यूपीएससीचा अभ्यास केला. संध्याकाळी शिकवण्या घ्यायचा, त्या पैशांतून 2018 साली त्याने सव्वाशे सीसीची मोटरसायकल घेतली. शेवटच्या प्रयत्नानंतर तो सांगलीला परतला आणि खोली व गाडी दोन्ही माझ्याकडे आली. जाताना त्याने एवढंच सांगितलं, "ऑगस्टमध्ये येतो, तेव्हा गाडी विकू. तोवर जप." विकून येणारे पैसे गावाकडच्या नव्या क्लासच्या डिपॉझिटला लागणार होते.

तळघरात गाडी, गुडघ्यात पाणी

त्या पहाटे आवाजानं जाग आली. सफदरजंगच्या वेधशाळेत सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांत 228.1 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दिल्लीत अख्ख्या जून महिन्यात सरासरी 74 मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे तीन महिन्यांचा जून एका रात्रीत आला. विमानतळाच्या टर्मिनल 1 चं छत कोसळलं, शेजारच्या वसंत विहारमध्ये बांधकामाच्या खड्ड्यात अडकून तीन मजूर दगावले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा डोळ्यासमोर एकच गोष्ट होती, आमच्या इमारतीच्या तळघरात उभी असलेली दादाची गाडी.

मी जिन्यानं खाली उतरले. पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं आणि उताराकडून धबधब्यासारखं आत येत होतं. गाडीचं इंजिन पूर्ण बुडालं होतं. मी हँडल धरून ओढू लागले, पण ती तसूभरही हलेना. वरून शेजारची इम्फाळची दीदी ओरडली, "सोड ते, वर ये आधी." मी वर आले. तिची स्कूटरही खालीच होती, पण ती उतरली नाही. मे महिन्यात तिच्या गावात पूर येऊन गेला होता. पाणी कसं वाढतं हे तिला ताजं ताजं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पंप लावून तळघर उपसलं. गल्लीतल्या एका मुलाने मोठ्या उत्साहाने सायलेन्सरमधलं पाणी काढलं आणि दहा-पंधरा किका मारल्या. गाडी फुरफुरली, धूर सोडला आणि सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी ती चालवतच कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे नेली. दीदीने मात्र स्कूटरची चावीसुद्धा न फिरवता ती ढकलत आणली.

ऑइलचा चहा झाला

मिस्त्रींनी आधी माझ्या गाडीखाली पत्र्याचा डबा ठेवला आणि ड्रेन नट उघडला. त्यातून काळं ऑइल आलंच नाही. आली ती दाट, दुधाळ, चहाच्या रंगाची धार. "मॅडम, चाय बना दी आपने," ते म्हणाले. मग त्यांनी जे समजावलं ते गाडी वापरणाऱ्या प्रत्येक घराला माहीत हवं.

आपल्याकडच्या बहुतेक फोर-स्ट्रोक मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकच ऑइल असतं. सव्वाशे सीसीच्या गाडीत ते साधारण एक लिटर भरतं. गाडी बुडाली की पाणी एअर फिल्टरमधून, हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून किंवा जुन्या सीलमधून आत शिरतं. गाडी सुरू केली नाही, तर तेलापेक्षा जड असलेलं पाणी तळाशी बसून राहतं. नट उघडला की आधी पाणी येतं, मग तेल. पण एकदा का इंजिन फिरलं, की गिअरचे दात रवीसारखे घुसळू लागतात आणि तेल-पाणी एकजीव होतं. मग ते गाडीच्या कानाकोपऱ्यात पोहोचतं आणि सहजासहजी निघत नाही.

असं दुधाळ तेल धातूवर टिकत नाही, म्हणून गिअर आणि बेअरिंग घासतात, गंजतात. क्लच प्लेटवरचं अस्तर पाणी पिऊन फुगतं आणि निसटू लागतं. त्याहून मोठा धोका म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारणं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. माझं नशीब की तसं झालं नाही.

स्कूटरचं गणित वेगळं आहे. तिच्या मागच्या चाकाजवळच्या छोट्या गिअरबॉक्सला स्वतंत्र गिअर ऑइल असतं, जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर. सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑइल बदलतात आणि हे बरेचदा विसरतात. दीदीच्या स्कूटरच्या दोन्ही नटांतून आधी स्वच्छ पाणी आलं, मग तेल. एअर फिल्टर बदलला, पेट्रोल काढलं, पट्ट्याचा भाग उघडून वाळवला आणि संध्याकाळी ती स्कूटरवरून घरी गेली. माझी गाडी चार दिवस तिथेच राहिली.

तुमची गाडी बुडाली तर

• स्टार्टर दाबू नका, किक मारू नका, धक्का देऊन सुरू करू नका. चावी काढा, बॅटरीची तार सोडवा आणि गाडी ढकलत किंवा टेम्पोतून न्या.

• बुडालेल्या अवस्थेतले फोटो काढा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं नुकसान मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला, तरी पाण्यातून आल्यावर इंजिन सुरू केल्याने झालेलं नुकसान नाकारलं जाऊ शकतं. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

• स्पार्क प्लग काढून, किक हातानं सावकाश फिरवून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायला सांगा. एअर फिल्टर, पेट्रोलची टाकी, कार्बोरेटर तपासून घ्या.

• तेल एकदा बदलून भागत नाही. जुनं काढा, गाडीला चालेल असं साधं, स्वस्त इंजिन ऑइल भरा, दोन-तीन मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा, पुन्हा काढा. दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत हे करत राहा. शेवटी फिल्टर बदलून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं तेल भरा. मोटरसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं पाहा. ते ओल्या क्लचसाठी असतं.

• काढलेलं तेल गटारात ओतू देऊ नका. गॅरेजवाले ते साठवून पुनर्वापरासाठी देतात.

• हिवाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरट साय दिसली, तर घाबरू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली की इंजिन पुरेसं तापत नाही आणि आतली वाफ पाणी होऊन बसते. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालवा. तरीही साय गेली नाही, तर मात्र दाखवून घ्या.

दादाचा फोन

माझ्या गाडीचं तेल तीनदा बदललं, क्लच प्लेट नव्या टाकल्या. साडेतीन हजार गेले, म्हणजे माझ्या पंधरा लेखांचे पैसे. गाडीचा विमा थर्ड पार्टीच होता. हे सगळं दादाला सांगायचंच नाही, असं मी ठरवलं होतं.

मग 27 जुलै आला. ओल्ड राजेंद्र नगरमध्ये एका कोचिंगच्या तळघरात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. दादा याच गल्ल्यांत नोट्स आणायला जायचा. रात्री उशिरा त्याचा फोन आला. "तुमच्या तळघरात पाणी येतं का गं?" त्याने विचारलं. माझ्याच्यानं खोटं बोलवेना. गाडीचं, तेलाचं, किकांचं, सगळं सांगून टाकलं.

तो गाडीबद्दल एक शब्द बोलला नाही. बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तू खाली उतरली होतीस?"

"हो."

"पुन्हा उतरायचं नाही. गाडी गेली तर जाऊ दे."

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आमच्या अंगणातून बाबांची स्कूटर पुरात गेली, तेव्हा आईने त्यांचा हात धरून ठेवला होता. ते मला त्या रात्री आठवलं.

ऑगस्टमध्ये दादा आला. गाडीचं झाकण उघडून त्याने तेल बोटावर घेतलं. ते मधासारखं स्वच्छ होतं. गाडी विकताना त्याने गिऱ्हाइकाला ती बुडाली होती हे आधीच सांगितलं आणि त्यामुळे चार हजार कमी घेतले. परत जाण्यापूर्वी आम्ही दोघं घरमालकांना भेटलो. ते आधी कुरकुरले, पण दीदी आणि वरच्या मजल्यावरची मुलं आमच्या मागे उभी होती. तेव्हापासून पावसाळ्यात आमच्या इमारतीतल्या दुचाक्या तळघरात लावत नाहीत. गल्लीच्या चढावर एका ओळीत उभ्या असतात. जाता-येता जरा अडचण होते, पण मोमोजवाला रात्री उशिरापर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवतो.

मुनिरकात यायचं असेल, तर मेट्रोच्या मजेंटा लाइनवर त्याच नावाचं स्थानक आहे, 2018 च्या मेमध्ये सुरू झालेलं. बाहेर पडून गावाच्या गल्लीत शिरा, मोमोज खा, मग आर. के. पुरमच्या सेक्टर 5 मधले लोदीकालीन घुमट आणि तिथली बावडी पाहा. पाणी कुठे जाऊ द्यायचं आणि कुठे साठवायचं, हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. आणि हो, जून ते सप्टेंबरमध्ये येणार असाल तर रेनकोट घरी ठेवू नका.