आईची इस्त्री

आमच्या परळच्या घरात माळ्यावर आईची कोळशाची पितळी इस्त्री आहे. वजन पाचेक किलो, मूठ लाकडी. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून नायगाव, वरळीच्या कितीतरी घरांतले असे जुने सामान भंगारात गेले. पितळेला भावही बरा येतो. तरी आम्ही ही इस्त्री विकणार नाही.

कारण आपल्या समाजात स्वच्छ कपडा ही साधी गोष्ट नव्हती. गावाकडे परीट आपले कपडे धुवायला घेत नसे. चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, असे मनुस्मृती सांगत होती. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना बजावले, की लुगडे फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असावे. आणि आपली जात ओळखू येईल अशा जुन्या पद्धतीने ते नेसू नये. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून दीक्षेला आली. त्या पांढऱ्या कपड्यामागे घरोघरच्या बायांचे कष्ट होते. आमच्या आईचे कष्ट या इस्त्रीत आहेत.

वस्तू जपायची तर ती नीट चालली पाहिजे. कोळशाच्या इस्त्रीत सर्वांत जोखमीची जागा म्हणजे झाकणाची बिजागरी आणि पुढचा खटका. खटका सैल झाला की झाकण उघडते आणि निखारा कपड्यावर, नाहीतर पायावर पडतो. म्हणून महिन्यातून एकदा, इस्त्री पूर्ण थंड असताना, दोन्ही ठिकाणी शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. झाकण चार-पाच वेळा उघडमीट करावे आणि जास्तीचे तेल फडक्याने टिपून घ्यावे. राहिलेले तेल तापल्यावर धुरकटते आणि पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडतो. मुठीचे स्क्रू आवळावेत. लाकूड तडकू नये म्हणून त्याला जवसाच्या तेलाचा हलका हात द्यावा.

काम झाल्यावर आतली राख तशीच ठेवू नये. राख ओल धरते आणि पावसाळ्यात आतली लोखंडी जाळी गंजते. पितळ चिंचेने घासावे, पण लगेच धुऊन, पुसून उन्हात वाळवावे. तळाला खळ चिकटली असेल तर सुरीने खरवडू नये. इस्त्री कोमट करून, जुन्या सुती फडक्यात मेणबत्ती गुंडाळून तिच्यावर फिरवावी. मग टाकाऊ कापडावर तळ स्वच्छ होईपर्यंत घासावी.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत ही इस्त्री कधीही पेटवू नये. आमची आई ती गॅलरीतच पेटवायची. तिला वायूचे नाव ठाऊक नव्हते, पण डोके जड होते हे अनुभवाने कळले होते.

आता विजेची इस्त्री घरोघर आहे, आणि रोजच्या कामाला तीच बरी. मात्र आमच्या घरात एक नियम आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे कपडे ज्याचे त्याने इस्त्री करायचे, मुलगा असो वा मुलगी. बिजागरीला तेल घालायचे कामही पोरांकडेच आहे. घरातल्या बाईने सगळ्यांचे कपडे कडक करायचे आणि स्वतः चुरगळलेल्या लुगड्यात मागे राहायचे, ही रीत धम्मात बसत नाही. बाबासाहेबांनी स्वच्छतेचा जो वारसा दिला, तो सांभाळण्याचे काम घरातल्या प्रत्येक हाताचे आहे.