लाल डगला काळा दिसतो तेव्हा

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या पदकधारी सैनिकांचे फोटो जमवतो म्हटलं, की पुण्यातल्या नातलगांचा प्रश्न ठरलेला : ‘गोऱ्या शिपायांचं तुला रे एवढं काय कौतुक?’ कौतुक नाही. पण हे पत्त्याएवढे पुठ्ठे एकदा हातात आले की खाली ठेववत नाहीत, एवढं खरं.

मी राहतो इंग्लंडमधल्या रेडिंगला. इथल्या फोर्बरी बागेत एक अवाढव्य लोखंडी सिंह आहे. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला बर्कशायरच्या ६६ व्या पलटणीची वाताहत झाली, तिचं हे स्मारक. चौथऱ्यावर मेलेल्यांची तीनशेवर नावं. त्याच मैदानात बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या मुंबई लष्कराच्या पलटणीही कापल्या गेल्या. त्यांतलं एकही नाव इथं नाही. स्मारक बर्कशायरच्या पलटणीचं, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार! चौथऱ्यावरच्या नावांपैकी कुणाचा चेहरा बघायला मिळतो का, या नादात जुन्या फोटोंच्या बाजारांत जायला लागलो आणि अडकलोच.

या फोटोंना ‘कार्त द व्हिजित’ म्हणतात. पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरनं १८५४ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर आठ छबी निघायच्या, त्यामुळे दर उतरला आणि साध्या सार्जंटलाही स्टुडिओ परवडायला लागला. पदक मिळालं की फोटो, हे ओघानंच आलं.

फोटो वाचायला मात्र शिकावं लागतं. त्या वेळच्या काचेवरच्या रसायनाला निळा रंग फार लवकर लागायचा आणि लाल जवळजवळ लागायचाच नाही. त्यामुळे लालभडक डगला काळा दिसतो. क्रायमिया पदकाची फीत फिकट निळी, कडा पिवळ्या. फोटोत ती पांढरी दिसते आणि कडा काळपट. पत्र्यावरच्या फोटोत तर डावं-उजवंच उलटं होतं, पदकं उजव्या छातीवर येतात. हे माहीत नसलेला विक्रेता भेटला की माझं फावतं. कधी उलटंही असतं : मागं पेन्सिलीनं एखाद्या वीराचं नाव लिहिलेलं असतं आणि किंमत चौपट. असल्या नावांवर माझा काडीचा विश्वास नाही.

माझ्याकडच्या एका फोटोवर तर नावच नाही. सार्जंट, छातीपर्यंतचा. दाढी भरघोस, उजव्या खांद्यावरून आलेला पट्टा, टोपीवर पितळी ९५. म्हणजे डर्बीशायरची पलटण. भिंग लावलं. पहिलं पदक क्रायमियाचं. त्याच्या फितीवर ओकच्या पानासारख्या तीन पट्ट्या : आल्मा, इंकरमन, सेबास्तोपोल. त्याशेजारी दुसरं, पांढऱ्या फितीवर दोन गडद रेघा. हे १८५७ च्या उठावाचं. त्याच्यावर एकच पट्टी. अक्षरं पुसट, पण लागतात : सेंट्रल इंडिया.

ही पट्टी झाशी, काल्पी, ग्वाल्हेरच्या मोहिमेची. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथं राणी लक्ष्मीबाई पडली ती हुसार घोडेस्वारांच्या हल्ल्यात, आणि ९५ वी पायदळ पलटण त्याच ब्रिगेडमध्ये होती. हा गृहस्थ त्या दिवशी आजारी पडून मागंही राहिला असेल. तरीपण पुठ्ठा अल्बममध्ये ठेवताना एरवी जाणवत नाही असं काहीतरी जाणवलं. विक्रेत्याला परत करावासा वाटला नाही, हेही सांगतो.

नाव कळलं असतं तर क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये गेलो असतो. पेन्शनवर सुटलेल्या शिपायांची कागदपत्रं तिथं आहेत : उंची, केसांचा रंग, भरतीपूर्वीचा धंदा, अंगावरच्या जखमांचे व्रण. बिननावाच्या सार्जंटला तिथं शोधायचं कसं? त्या पलटणीत हीच पदकं मिळवलेले कितीतरी.

सध्या माझा शोध वेगळा आहे. अफगाण पदक लावलेला, मुंबई लष्करातला एखादा हवालदार किंवा सुभेदार. इथल्या बाजारात अजून एकही हाती लागलेला नाही. कोकणात, देशावर कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असा पणजोबा असेल, तर फ्रेम बदलताना मागचा पुठ्ठा फेकू नका; स्टुडिओचं नाव, गाव त्यावरच असतं. विकायचा नसला तरी चालेल. मला फक्त दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा.