यवतेश्वराच्या घाटाने

डोंगराच्या पायथ्याशी वसलेली गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. पण डोंगराने मांडीवर घेतलेले गाव पाहायचे असेल तर साताऱ्यास जावे. एका अंगाला अजिंक्यतारा, दुसऱ्या अंगाला यवतेश्वराचा डोंगर, आणि त्यांच्या आधाराने छत्रपती शाहू महाराजांनी वसवलेले हे शहर. पाहुणा येतो, किल्ला चढतो, राजवाडा पाहतो, कंदी पेढे बांधून घेतो आणि पावसाळ्याच्या अखेरीस आला असेल तर मोटारीने कासची फुले पाहून परततो. वाटेत यवतेश्वराचा घाट लागतो. मोटारीला तो काही मिनिटांचा. चार वळणे, दोन कर्णे, आणि आलेच पठार! पण रस्ता पायांना जसा कळतो तसा चाकांना कळत नाही.

हा घाट पायांनी पाहण्याची संधी साताऱ्याने सर्वांनाच दिली आहे. २०१२ सालापासून येथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन भरते. ऐन पावसाळा सरत आलेला असतो, तेव्हा एका रविवारी हजारो माणसे पहाटे पोलीस कवायत मैदानावर जमतात, गावातून समर्थ मंदिरावरून घाटाला लागतात, पठारावर कासच्या रस्त्याने काही अंतर जाऊन माघारी फिरतात आणि त्याच वाटेने खाली येतात. २०१५ साली एकाच डोंगरी शर्यतीत सर्वाधिक माणसे धावल्याचा गिनीज विक्रम या शर्यतीच्या नावे लागला; त्या दिवशी अडीच हजारांवर धावपटू होते.

पुरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरांची. हे विचित्र अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून चालत आले. आमची शर्यत त्याच्या निम्मी, म्हणजे एकवीस किलोमीटरांहून थोडी अधिक. परंतु निम्मी म्हणून तिला कुणी हलकी समजू नये. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरांवर आणि पठार बाराशेच्या आसपास. म्हणजे अर्धी शर्यत आभाळाकडे आणि अर्धी घराकडे!

मी पुण्यात कारकुनी करणारा पन्नाशी उलटलेला गृहस्थ. २०२३ साली या शर्यतीत नाव घातले आणि वडिलांना सांगितले. आम्ही मूळचे यवतेश्वराच्या पलीकडच्या एका लहानशा खेड्यातले. आबांचे वय ब्याऐंशी. ते ऐकून घेत म्हणाले, "पळायला पैसं भरलंस व्हय? आमाला तर कुनी एक आना दिला न्हाई त्या घाटाचा."

यात चेष्टा होती तितकेच सत्यही होते. एस. टी. नियमित येऊ लागेपर्यंत पठारावरच्या आमच्यासारख्या घरांचा संसार या घाटावर चालत असे. पहाटे धार काढायची, पितळी चरव्या कावडीला अडकवायच्या आणि उजाडायच्या आत साताऱ्यातले रतीब घालायचे. परतताना मीठ, रॉकेल, जमले तर पोरांना गुळाचा खडा. आबा वयाच्या पंधराव्या वर्षापासून बारा वर्षे रोज हा घाट उतरले आणि चढले. त्यांना कुणी पदक दिले नाही. दिले ते गुडघेदुखीने! आज त्यांच्याने घाट चढवत नाही. देवाला जायचे तरी गाडीतून जावे लागते.

म्हणूनच मला ही शर्यत आबांच्या डोळ्यांदेखत धावायची होती. वेळेचे म्हणाल तर माझ्यासारख्याने वेळेच्या गोष्टी करू नयेत.

तयारीला चार महिने लागले. आठवड्यातले तीन दिवस तळजाईच्या टेकडीवर सावकाश पळायचे; इतके सावकाश, की शेजारच्या माणसाशी घरगुती गप्पा मारता याव्यात. बोलता येईनासे झाले म्हणजे वेग जास्त झाला, हे पळणाऱ्यांचे साधे मोजमाप आहे आणि ते घड्याळापेक्षा प्रामाणिक आहे. रविवारी लांबचा पल्ला: आधी सहा किलोमीटर, मग आठ, मग दहा, असे करीत अठरापर्यंत. पंधरवड्यातून एकदा बोपदेवचा घाट. पायांतले बळ पळताना वाढत नाही, ते विश्रांतीत वाढते. म्हणून शुक्रवारी काहीही करायचे नाही, हाही अभ्यासाचाच एक भाग. हा भाग मला विनासायास साधला.

चढाला लागणारा दम सगळ्यांना ठाऊक असतो. उताराचे शास्त्र मात्र निराळे आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडत जाऊन काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार अडवतो. अशा कामात त्याचे बारीक तंतू दुखावतात. त्या क्षणी काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. पण गंमत अशी, की आधी एकदोनदा बेताने उतार धावून ठेवला, तर स्नायू पुढच्या खेपेला पुष्कळ कमी दुखावतो. म्हणून घाट चढण्याइतकाच तो उतरण्याचाही सराव हवा.

हे मी वाचून शिकलो. आबांना ते न वाचता ठाऊक होते. फोनवर त्यांनी मला एवढेच सांगितले: "उताराला टांग लांब टाकू नगंस. बारकी पावलं टाक, गुडघा जरा मोकळा ठेव. मोठी टांग टाकली की दूध हिंदकळतं." माझ्या खांद्यावर दूध नव्हते. पण लांब पाऊल टाकले की टाच आपटते, धक्का गुडघ्याला बसतो आणि वेग तुटतो. शास्त्राचे सांगणेही हेच आहे.

शर्यतीच्या पहाटे मैदानावर दिवे होते, लाउडस्पीकर होता, ताशा वाजत होता. शेजारी कॉलेजातल्या मुली उड्या मारीत होत्या. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. तेव्हापासून या जिल्ह्यात मुलगी पहाटे पळताना दिसली तर कुणाला नवल वाटू नये!

गाव जागे होते. ओट्यांवर म्हाताऱ्या बसल्या होत्या, पोरे टाळीसाठी हात पुढे करून उभी होती. समर्थ मंदिर मागे पडले आणि रस्त्याने मान वर केली. बोलणे हळूहळू बंद झाले. आता ऐकू येत होती ती शेकडो पावलांची एकसारखी सळसळ आणि श्वास. एका वळणावर खाली सातारा दिसला, पुढच्या वळणावर तो लहान झाला आणि त्याच्या पुढच्या वळणावर समोरचा अजिंक्यतारा, जो खालून एवढा धिप्पाड वाटतो, तो जवळजवळ माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. मोटारीतून हा किल्ला असा वाढत्या ओळखीने भेटत नाही.

पठारावर वारा लागला. एका बाजूला कण्हेरचे पाणी, दुसऱ्या बाजूला उरमोडीचे, आणि त्यापलीकडे सज्जनगड. कडेला तेरडा आणि सोनकी. याच अंगाच्या कासच्या तलावाचे पाणी नुसत्या उताराच्या बळावर साताऱ्यात पोचते; आता मलाही तेच करायचे होते. माघारी वळलो आणि बारकी पावले टाकू लागलो. तरुण मंडळी भराभर पुढे गेली. मी मनातल्या मनात कावड सांभाळीत होतो. घाट संपता संपता त्यांतली कित्येक मांड्या चोळत चालताना भेटली आणि मी, पन्नाशीचा कारकून, त्यांच्या बाजूने पळत गेलो! त्या आनंदाची सर पगारवाढीला नाही.

आबा समर्थ मंदिरापाशी खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून उठले नाहीत, हातही हलवला नाही. फक्त माझ्या पायांकडे पाहत राहिले. दोन तास एकेचाळीस मिनिटांत मी मैदानावर पोचलो.

संध्याकाळी त्यांनी माझे पदक तळहातावर घेतले, वजन अजमावले आणि म्हणाले, "पावशेरबी न्हाई." मग थोडे थांबून, "पर उतरलास बरूबर."

वाचकहो, यंदा कासला जाल तर जरूर जा. पण परतताना घाटाच्या माथ्यावर गाडीतून उतरा, ती सोबतच्या कुणाकडे द्या आणि घाट पायी उतरा. पावले बारीक टाका. ज्यांनी हा रस्ता रोज, ओझ्यासह आणि टाळ्यांवाचून तुडवला, त्यांची ओळख तुमच्या गुडघ्यांना आपोआप पटेल.